नंदीच्या कानात

जुनी देवळं दाखवायला मी ज्यांना ज्यांना नेलं, ती माणसं पुन्हा माझ्यासोबत कुठे आली नाहीत. तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर होतो, त्यामुळे कोरीव खांबापुढे उभा राहिलो की माझं तोंड थांबत नाही. बायको तर पायरीवरच बसते आणि "आटपलं की सांगा" म्हणते. माझं शेवटपर्यंत ऐकून घेणारं एकच माणूस मला भेटलं, ते म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.

ऐकायचं यंत्र आहे त्यांच्याकडे. ते झिजू नये म्हणून डबीत असतं आणि डबी कपाटात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार महिन्यांपूर्वी त्या पुसदला आमच्याकडे आल्या. डोळे केव्हाच बरे झाले. "लेकीच्या घरी किती दिवस राह्यचं," असं रोज एकदा तरी म्हणायच्या. आता येत्या रविवारी मेव्हणा त्यांना नागपूरला न्यायला येणार होता. त्या जाणार म्हणून मला खरंच वाईट वाटत होतं, पण मी "राहा" म्हणायचं आणि त्यांनी भिडेपोटी राहायचं, त्यापेक्षा गप्प बसावं असा शहाणपणा मी केला. जाण्याआधी एक चांगलं देऊळ तरी दाखवावं, म्हणून सोमवारी आम्ही तिघं निघालो.

देऊळ तासाभराच्या वाटेवर, काळ्या दगडाचं, हेमाडपंती. चुना नाही, माती नाही, नुसता दगडात दगड बसवलेला. बायको सवयीनं पायरीवर बसली. मी सासूबाईंना बाहेरच्या भिंतीपाशी नेलं आणि पायातला काटा काढणारी सुंदरी दाखवली. एका पायावर उभी, कमरेत वळलेली, दुसरा पाय गुडघ्यावर घेतलेला. त्या वळणात कारागिरानं देहाचा तोल कसा साधला, हे मी चांगली दहा मिनिटं समजावून सांगितलं. सासूबाई ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी तिला निरखत होत्या.

"बाभळीचा काटा दिसते," त्या म्हणाल्या. "पण इतकं सोनं घालून वावरात कायले गेली असन ही?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

मग आम्ही मंडपात आलो. तिथला नंदी म्हणजे माझा जीव. गळ्यातल्या घुंगरांची माळ अशी कोरलेली, की एकेक घुंगरू मोजून घ्यावं. दर्शनाची रांग त्याच्या अंगाला खेटूनच जात होती. बायकोही आता आमच्यामागे येऊन उभी राहिली. नंदीच्या कानात मागणं सांगितलं की तो ते महादेवापर्यंत पोचवतो, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं. सासूबाईंनी पदर सावरला आणि मला हुकूम केला.

"जवाईबापू, तिकडचा कान दाबून धरा. नाही तं इकून सांगतलं का तिकून निघून जाते."

शिल्पाला हात लावायचा नाही, हे मी तीस वर्षं पोरांना ओरडून सांगत आलो. मी मुकाट्यानं कान दाबून धरला.

सासूबाई वाकल्या, तोंडाशी हाताचा आडोसा केला आणि अगदी हळूच, म्हणजे त्यांच्या मते हळूच, बोलायला लागल्या. बाहेर नारळ विकणारी बाई आत डोकावली, इतकं ते हळू होतं.

"महादेवाले सांगजो, रविवारी पोरगा मले न्यायले येऊन राह्यला. पोरगा चांगला आहे, सून बी चांगली आहे, कोणाचं काही चुकत नाही. पण तिथं आठव्या माळ्यावर दिवसभर दार लावून बसा लागते. मले इथंच राहू दे. जवाई दगडं दाखवते, बोलत राह्यते. मले काही आयकू येत नाही, पण माह्याशी इतकं कोण बोलते? आता जवायाच्या तोंडावर कसं म्हणू, मले ठेवून घ्या म्हणून? शरम वाटते. तूच पाह्य काहीतरी."

रांग पुढं सरकायची थांबली. बायको फरशीकडे पाहत होती. माझे दोन्ही हात कानावर अडकलेले, डोळेही पुसता येईनात.

सासूबाई सरळ झाल्या. इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, "कोणी आयकलं तं नाही ना?"

माझ्यासकट सगळ्या रांगेनं नकारार्थी माना हलवल्या. नंदीला सांगितलेलं दुसऱ्यानं ऐकलं तर ते फळत नाही, हेही आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं.

आता मी ऐकलंय हे सांगायची सोय नव्हती आणि न सांगून घरी जायची माझी तयारी नव्हती. मी त्यांना खुणेनं माझ्या जागी यायला सांगितलं, त्यांचे हात नंदीच्या कानावर ठेवले आणि दुसऱ्या बाजूनं वाकलो. शेवटच्या बाकावरच्या पोरासाठी राखून ठेवलेला आवाज काढला.

"महादेवाले सांग, आई आमच्याच घरी राह्यली पाह्यजे. मेव्हण्याले मी आजच फोन करतो."

गाभाऱ्यातून पुजारी बाहेर आले. सासूबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी मला दटावलं.

"हळू बोला ना जवाईबापू. मनातलं असं लोकायसमोर सांगते का कोणी?"

"चला आजी, पुढं चला," मागून कोणीतरी म्हणालं. त्यांना ते ऐकू आलं नाही. दोन्ही तळव्यांनी त्यांनी तो कान गच्च दाबून धरला होता, आणि आम्ही कितीही खुणावलं तरी त्या हात काढायला तयार नव्हत्या.