गडावरून रिकाम्या हाताने

अक्षर वाईट आहे, चुकाही असतील. कोणी वाचलंच तर माफ करावं. चौथीनंतर हातात विळा आला तो आलाच.

तिचं नाव लिहीत नाही. आधी तिचा हात आठवतो. चढणीवर पाहुणे धापा टाकायला लागले की ती हात आडवा धरायची, बैलापुढे धरतात तसा, आणि म्हणायची, "बसा जरा. गड कुठं पळून जात न्हाई." पुण्या-मुंबईची माणसं मुकाट बसायची. तुम्ही कधी आमच्या गडावर आला असाल तर तुम्हालाही तिने बसवलं असेल. खोचलेली साडी, पायात पुरुषी बूट, गळ्यात गाईडचं कार्ड.

नात्याने ती माझी चुलत नणंद. आम्ही ठाकर, अकोले तालुक्यातले, गडाच्या पायथ्याचे. नवरा वारल्यावर ती माहेरी आली, पाहुण्यांचे तंबू वाहू लागली आणि दोन वर्षांत गाईड झाली. हा हिरडा, ह्या पाल्याने रक्त थांबतं, असं ती पाहुण्यांना सांगायची. त्यातलं निम्मं तिने माझ्याकडून ऐकलेलं. शाळा तिची दुसरी, माझी चौथी. पण चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. मी आत पाहुण्यांच्या भाकरी थापायची. एकदा बाहेर कोणी बाई तिला म्हणाली, "तुम्हाला किती माहिती आहे हो." माझी तव्यावरची भाकरी करपली.

एका मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर, ती वस्तीवर आली. "उद्या समद्या बाया गडावर चला."

"मोळीला?" सासूने विचारलं.

"मोळीला न्हाई. फिरायला."

"रानात ऱ्हायचं नि रानातच फिरायला जायचं व्हय? मग मी उद्या माझ्याच चुलीला पाव्हणी जाते."

बाया हसल्या. ती हसली नाही. "ती मानसं लांबून यून बघत्यात. आपन जलमभर वर जातो, आन बघतो काय, तर खाली. काटक्या."

अकरा जणी गेलो. सासूही आली. लाकडाला आम्ही मागच्या घळीने जातो, तिथे कोणी विचारत नाही. तिने मात्र पुढच्या वाटेने नेलं, पाहुण्यांच्या. फॉरेस्टच्या चौकीत गार्डने वही उघडली. "कुठून आलात?"

"खालून," बाया म्हणाल्या.

तरी तिने एकेकीचं पूर्ण नाव लिहायला लावलं.

वर तिने सगळ्यांना कड्याजवळ बसवलं. नुसतं बसायचं. हातांना काय करावं ते कळेना. धरणाचं पाणी दिसत होतं, अलीकडे आमची वस्ती, तांदळाच्या दाण्यांएवढी. सासू म्हणाली, "आपलं घर यवढुसं हाय व्हय?" मग नणंदेला जवळ बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अठरा वर्षांत तो हात माझ्या पाठीवरून फिरला नव्हता.

उतरताना मी मागे राहिले. वाळक्या काटक्या वेचल्या, जांभळाचा एक ओला फाटा मोडला, वेलीने मोळी बांधून डोक्यावर घेतली. बाया म्हणाल्या, "हिला मोळीबिगर उतरताच येत न्हाई."

चौकीवर गार्ड उठून उभा राहिला. "घळीनं नेली असती तर मी बघितलं नसतं. पण वहीत नावं हायेत तुमची. त्यात ओला फाटा. कोनाची मोळी?"

मी डोक्यावरची मोळी सावरली.

"माझी," ती म्हणाली.

"तुझ्या डोक्यावर कुठं हाय?"

"बाया मी आनल्या. मोळी बी माझीच धरा."

दंड दोन हजार. तो तिने भरला. आणि कार्ड गेलं.

वस्तीवर अजून म्हणतात, सवयीने झालं बिचारीकडून. मीही मान हलवते. सवय नव्हती ती. चौकीत गार्ड बसलेला असतो हे मला ठाऊक होतं.

वर्षभर तिने कार्डासाठी खेटे घातले. मग संगमनेरकडे डाळिंबं निवडायच्या कामाला गेली ती तिकडेच राहिली. आता राजूरचा एक माणूस पाहुण्यांना वर नेतो. तो घड्याळ बघत चालतो, कोणाला बसू देत नाही. जुने पाहुणे ओसरीवरून विचारतात, "त्या ताई कुठे असतात हल्ली?" मी पीठ मळत राहते. बाया पुन्हा घळीनेच जातात.

दंडाचे पैसे मी भाकऱ्यांतून साठवून देत गेले, शंभर, कधी दोनशे. ती दर वेळी म्हणायची, "मी मागितलं व्हतं का गं वहिनी?" आणि ठेवून घ्यायची.

शेवटचे दोनशे द्यायला मी यंदा अक्षय तृतीयेनंतर एसटीने संगमनेरला गेले. ती शेडच्या दारात आली. बोटं डाळिंबाने काळी पडलेली. वीस-वीसच्या नोटा तिने तशाच कनवटीला लावल्या.

"मोज," मी म्हणाले.

"तू दिल्यात म्हंजे बरोबरच असतील."

"मोज गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग नोटा पुन्हा काढल्या, अंगठ्याला थुंकी लावून एकेक सावकाश मोजली. दहा भरल्या.

"बरोबर हायेत," ती म्हणाली. "फिटलं समदं."