ठिपक्यांची पाटी

डेकोरेशनवाल्याच्या खोलीत दोन गोष्टी साठत जातात, उडालेले बल्ब आणि किस्से. दोन्ही टाकवत नाहीत. बल्ब तुम्ही घेणार नाही, म्हणून किस्से सांगतो!

सत्तर-एकाहत्तरचा सुमार. बेलापुरात आमचा मित्र बबन लायटिंगची कामं करायचा. त्याने प्लायवूडवर ओळीने होल्डर ठोकून एक पाटी बनवली. होल्डर भरपूर, बल्ब मात्र मोजके. बल्ब लावू तिथे ठिपका, ठिपक्यांचं अक्षर! मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, त्यामुळे अक्षरं ग्राफपेपरवर बसवणं माझ्याकडे. 'शुभ'मधला 'श' काही केल्या जमेना. बबनची आई चहा घेऊन आली. म्हणाली, "मास्तर, ही रांगोळीच हाय की! सरका बाजूला."

आमचा 'श' तिनेच काढला, अगदी नाचरा. मी बाजूला सरकून चहा प्यालो.

बबनला मुलगी द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. बल्ब काढून-लावून संसार कसा चालणार? प्रश्न आम्हालाही पडे.

*

राहात्याच्या लग्नात नवरदेवाचे मामा अडून बसले. "पाटीवर आमचं नाव लावा!"

"मामा, बल्ब न्हाईत."

"मंग नवरदेवाच्या नावाचे काढा! त्याला समदं गाव वळखतंय!"

*

नाताळात पाटी चर्चवर लागली. दुसऱ्या संध्याकाळी एका लग्नात हवी होती. टेम्पो वाटेत बंद पडला, पोचलो तेव्हा वऱ्हाड दारात. बबनने घाईघाईत पाटी टांगून बटण दाबलं. 'शुभ नाताळ'!

नवरीच्या आजोबांनी पाटी नीट न्याहाळली. "शुभ हाय ना? मंग ऱ्हाऊ द्या!"

पाहुण्यांत चर्चचे पाळकसाहेबही होते. त्यांनी जिलबी परत मागून घेतली.

*

आमची खरी दुश्मन उसाला पाणी देणारी मोटर. ती चालू झाली की अक्षरं मिणमिणत, बंद झाली की व्होल्टेज चढून बल्ब उडे. एकदा बबन मळेवाल्याकडे गेला. "काका, अक्षता पडंपर्यंत मोटर थांबवा."

"नवरदेवाला थांबव! त्यो वाळत न्हाई, ऊस वाळतोय!"

*

शेवटी सोनईच्या तात्यांनी आपली सुमन बबनला द्यायचं कबूल केलं, पण अट घालून. "लग्नात पोरीचं नाव पाटीवर पायजे. अक्षता पडंपर्यंत त्यातला एक जरी दिवा इजलेला दिसला, तर लगीन मोडलं! सोताच्या लग्नात ज्याचे दिवे टिकत न्हाईत, त्यो पोरीला काय सांभाळनार?"

गोरज मुहूर्त. पाटीवर 'बबन' आणि 'सुमन' झकास पेटलेले. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, आणि शेजारच्या मळ्यातली मोटर बंद पडली. 'सुमन'मधला एक बल्ब फट्‌कन गेला! जादा बल्ब दुपारीच संपले होते. तात्या पाठमोरे होते, पण कधीही वळले असते.

बबन मुंडावळ्यांसकट शिडीवर चढला! भटजींनी प्रसंग ओळखून कडवं पुन्हा धरलं. बबन वर जाऊन रिकाम्या हातांनी नुसता बघत राहिला.

तेवढ्यात अंतरपाटाआडून सुमनचा आवाज आला, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा.

"अवो, बघताय काय? तुमच्या नावातला काढा की!"