बॅनरवरचे भावजी

सिनेमाच्या तिकिटाच्या रांगेत उभं राहण्यासाठी पगार घेणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच असेल, आणि तो माझा धाकटा दीर आहे. विद्यापीठात समाजशास्त्राचे हंगामी अधिव्याख्याते ही त्यांची कागदोपत्री ओळख. प्रत्यक्षात नवा तेलुगू सिनेमा लागला की चिक्कडपल्लीच्या पलीकडच्या चौकात थिएटरांसमोर सकाळपासून जी धक्काबुक्की चाले, तिच्या ऐन मध्यावर भावजी हातात चिटोरं आणि दातांत पेनचं टोपण धरून उभे असत. हिरोचे चाहते कोण असतात, कुठून येतात, त्यांच्यात कोण पुढे आणि कोण मागे, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. परत येताना शर्टाची दोन बटणं कमी झालेली असत. मी सुटी बटणं रंगावार लावून एका डब्यात ठेवली होती ती त्यांच्यासाठीच. माझे यजमान वीज खात्यात, मी एका सरकारी कचेरीत टंकलेखिका. नल्लकुंट्याच्या आमच्या घरात वेळेवर निघायचं आणि वेळेवर यायचं अशी शिस्त. भावजी मात्र ‘मॉर्निंग शो’ला जायचे आणि संध्याकाळी उगवायचे.

एवढं करून त्यांनी सिनेमा पाहिला असेल म्हणाल, तर तेही नाही. ते सगळ्यात पुढच्या बाकावर बसत आणि पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे पाहत. मागचे लोक आधी ओरडत, मग काळजीनं म्हणत, “सारू, पिच्चर उधर है.” भावजी म्हणत, “मालूम है, तुम देखो.” एकदा घरी आल्यावर मी सहज विचारलं, सिनेमा कसा होता? म्हणाले, “बाल्कनी थंड होती. खालच्या वर्गात फायटिंगला नाणी उधळली, पण आईच्या मरणाला जास्त शिट्ट्या पडल्या.” शेवटी हिरोईनचं लग्न कुणाशी झालं ते त्यांना सांगता येईना. मला ते शेजारच्या बाईंकडून काढून घ्यावं लागलं.

त्यांना बाजाराला पाठवणं हा माझा प्रयोग एकदाच झाला. बेगम बाजारातून आणायच्या अकरा वस्तूंची यादी मी क्रमानं लिहून दिली, दुकानंसुद्धा ज्या क्रमानं लागतात त्या क्रमानं. ते चार वस्तू घेऊन आले. उरलेल्या सात का आल्या नाहीत हे त्यांनी यादीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, कारण चिंचेच्या दुकानात पोती उचलणारे दोन हमाल वेगवेगळ्या हिरोंचे निघाले आणि त्यांचं भांडण अर्धवट सोडून येणं शास्त्राला धरून झालं नसतं. मी म्हटलं, “भावजी, आता आमटीत काय घालू, शास्त्र?” ते विचारात पडले. टोमॅटो चालेल का म्हणाले.

मग गल्लीत केबल आली. गच्च्यांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या, दूरदर्शनच्या जागी अचानक इतकी चॅनेलं झाली की सासूबाईंना रिमोटची भीती वाटू लागली, आणि भावजींना नवं काम मिळालं. कोणाच्या घरी टीव्हीसमोर कोण कुठे बसतं याचे नकाशे ते काढायला लागले. खुर्चीवर कोण, सतरंजीवर कोण, दारातूनच पाहणारी कामवाली कोण. एक दिवस आमच्याच घराचा नकाशा माझ्यापुढे ठेवला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक फुली होती. “वहिनी, सहा महिन्यांत तुम्ही एकदाही बसून टीव्ही पाहिलेला नाही.” मी म्हटलं, कुकरकडे कोण बघणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी उंबऱ्याजवळ एक स्टूल आणून ठेवलं. मी त्यावर लोणच्याची बरणी ठेवली. जागेवर सोय होती.

त्यांच्या लग्नाचंही असंच झालं. चांगलं बारकतपुऱ्यातलं घर, वकिली करणारे वडील, मुलगी बी.एस्सी. पोह्यांच्या बशा आल्या तेव्हा भावजींनी मुलीला एकच प्रश्न विचारला: तुमच्याकडे सिनेमाला जाताना मोलकरणीला नेता का, आणि नेलंत तर तिचं तिकीट कोणत्या वर्गाचं काढता? मुलगी गोंधळली. मोलकरीण दारात होती, तिनं उत्तर दिलं आणि चांगलं अर्धा तास दिलं. भावजींनी सगळं लिहून घेतलं. घरी येताना यजमान रिक्षात तोंड फिरवून बसले. भावजी मात्र खूश होते. “दादा, फार उत्तम घर आहे,” म्हणाले.

अशा माणसाला शहरानं कुठे जवळ केलं असेल, तर हिरोच्या अभिमान संघात, म्हणजे चाहत्यांच्या मंडळात. पहिल्याच वर्षी रांगेत चेंगरून ते खाली पडले, तेव्हा संघाच्या अध्यक्षांनी त्यांना उचलून आपल्या सायकलच्या दुकानात खुर्चीवर बसवलं, चहा पाजला. प्रोफेसर आपल्यावर पुस्तक लिहितोय हे कळल्यावर तर त्यांना थेट मानद सल्लागार करून टाकलं. नवा सिनेमा लागला की संघ थिएटरवर कापडी बॅनर लावी. वर हिरो, खाली संघाच्या तीस जणांचे रंगवलेले चेहरे आणि नावं. पेंटर सगळ्यांना एकच चेहरा देई, हिरोचा, जरा लहान करून. चौथा चष्मेवाला म्हणजे भावजी. सासूबाई रिक्षा थांबवून तो बघून आल्या आणि म्हणाल्या, “रंग उजळ काढलाय, बरं केलं.”

हे सगळं मजेत चाललं असतं, पण विद्यापीठानं पत्र धाडलं. प्रबंधाला नववं वर्ष लागलं होतं. ही शेवटची मुदत. या सत्रात प्रबंध सादर होऊन पदवी मिळाली नाही, तर हंगामी नोकरीही संपली. यजमानांनी पत्र माझ्याकडे दिलं, म्हणजे काम माझ्याकडे दिलं. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं. बुटांच्या सोळा खोक्यांतली चिटोरी, तिकिटांच्या मागच्या नोंदी, सिगारेटच्या पाकिटांवरच्या मुलाखती काढून विषयवार दोऱ्यानं बांधल्या. कचेरीतून आल्यावर रोज आठ पानं टाइप. पहिलं, दुसरं, तिसरं प्रकरण झालं. मग पाचवं आलं. सहावं आलं.

“चौथं?” मी विचारलं.

“त्याशिवाय चालेल का, वहिनी?”

“अनुक्रमणिकेत आहे. मी टाइप केलंय.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. संघात यादगिरी नावाचा एक माणूस होता, चाळिशीचा, नाल्यापलीकडच्या वस्तीतला, दिवसा घरांना चुना लावायचा. थिएटरसमोर हिरोचा चार मजली प्लायवूडचा पुतळा उभा राहिला की बांबूंवरून चढून त्याच्या गळ्यात हार घालण्याचं काम बारा वर्षं त्याचंच. दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. बॅनरही तोच बांधायचा. त्या बॅनरवर त्याचं नाव कधीच नव्हतं. संघाचं जेवण झालं तर तो अध्यक्षांच्या पायरीवर बसून जेवायचा. का, हे कुणी बोलत नसे आणि सगळ्यांना ठाऊक होतं. चौथं प्रकरण त्याच्याबद्दल होतं. भावजी म्हणाले, “तेच प्रबंधाचं पोट आहे. ते काढलं तर पदवी मिळत नाही. घातलं तर मला तिथे परत जाता येत नाही. त्यांच्याशिवाय मला दुसरी माणसं नाहीत, वहिनी.”

मी व्यवहारी बाई. कागद घ्या, घातलं तर काय ते एका बाजूला आणि काढलं तर काय ते दुसऱ्या बाजूला लिहा, म्हटलं. त्यांनी लिहिलं. दोन्ही बाजू सारख्याच भरल्या. शेवटी मी म्हटलं, “खरं आहे ना? मग द्या इकडे.” चौथं प्रकरण मी एका रविवारात टाइप केलं. हे बोलले ती मीच होते, हे इथे नोंदवून ठेवते.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. हे भावजींनी भोळेपणानं संघात सांगितलं. संघानं त्याचा अर्थ त्यांच्या परीनं लावला: आमच्या सारूंचा पहिला शो. आम्ही विभागात पोहोचलो तर आवारात चाळीस माणसं, एक ढोल, खिशांत उधळायला कागदाचे कपटे, आणि खिडकीसमोरच्या कडुनिंबावर शिडी लावून यादगिरी बॅनर बांधत होता. ‘डॉक्टर प्रोफेसर गारूंचं हार्दिक अभिनंदन’, तेलुगूत; गारू म्हणजे साहेब. निकाल लागायचा होता, पण सिनेमा लागण्याआधीच सुपरहिट लिहायची त्यांची रीत. मध्यभागी भावजी, हिरोच्या मापाचे. खाली तीस चेहरे, तीस नावं.

परीक्षा इंग्रजीत चालली. संघाला एक अक्षर कळत नव्हतं, पण भावजी एका श्वासात चार ओळी बोलले की मागून शिट्टी यायची. मार्गदर्शक सर घाम पुसत होते. बाहेरगावचे परीक्षक पांढऱ्या मिशांचे, मिश्कील गृहस्थ होते. त्यांना मजा येत असावी. चौथ्या प्रकरणाशी ते थांबले. यांना वगळलं जातं म्हणता, पुरावा काय? मागे अध्यक्ष पहिल्या रांगेत हार घेऊन बसले होते. भावजी खोक्यांतलं एक चिटोरं काढून पुढे करू शकले असते, मी क्रमांक घालून दिले होते. त्यांनी हात हलवला नाही.

परीक्षकांनी वाट पाहिली. मग त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. बराच वेळ ते बॅनर वाचत राहिले, तेलुगू त्यांना येत होतं. मग शिडीवरच्या माणसाला त्यांनी खिडकीतूनच हिंदीत विचारलं, “तुम्हारा नाम क्या?”

“यादगिरी, सार.”

“इसमें किधर है?”

“जगा कम पड़ती, सार.”

“हर बार?”

“हौ सार. बारा साल से कम पड़ती.”

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढचं प्रकरण काढलं. एवढ्यावर पदवी झाली.

बाहेर व्हरांड्यात अध्यक्ष भावजींपुढे आले. हार हातातच होता. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “सारू, ये बात हमकू कब्बी बोले क्या?”

“नाही अण्णा,” भावजी म्हणाले. गडबडीत मराठीतच म्हणाले.

“नौ साल बैठे हमारे पास. एक बार बोलते.”

“मी बोललो असतो तर तुम्ही बदलला असता. अभ्यास करणाऱ्यानं हात घालायचा नसतो.”

अध्यक्षांना मराठी कळायचं. त्यांनी मान हलवली. “मतलब हम गलत रहे तोइच तुम्हारा काम होता.” त्यांनी हार खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि माणसं घेऊन निघून गेले. यादगिरी तेवढा मागे राहिला, कारण बॅनर सोडवायचा होता. “मुबारक सारू,” म्हणाला, आणि कापडाची घडी करून त्यांच्या मागे गेला.

भावजींची नोकरी पक्की झाली, मग दुसऱ्या विद्यापीठात मोठ्या जागेवर गेले. ते चौथं प्रकरण आता मुलांना वाचायला लावतात म्हणे. पेढे घेऊन अध्यक्षांच्या दुकानात मी एकटीच गेले होते. त्यांनी पेढा घेतला, सारू जेवतात का वेळेवर, विचारलं, आणि म्हणाले, “बॅनर पे से नाम निकाले, आदमी कू आने कू कौन मना किया?” मी हे शब्द भावजींना जसेच्या तसे सांगितले. जाईन म्हणाले. गेले नाहीत.

मात्र नवा सिनेमा लागला की त्या दिवशी त्यांचा फोन येतो. त्याआधी मी भाजीची पिशवी घेऊन थिएटरसमोर जाऊन आलेली असते. बॅनरवरची नावं मी वरपासून खालपर्यंत उतरवून आणते आणि फोनवर वाचून दाखवते. नवा केबलवाला आलाय, एक नगरसेवक आलाय. तीस नावं होतात, यादगिरीचं त्यांत नसतं. भावजी विचारतात, “नीट पाहिलंत ना वहिनी?” दोनदा पाहिलं, मी म्हणते. मग विचारतात, “आणि यादगिरी?”

“वर चढला होता. हल्ली मध्ये एकदा थांबतो, दम खातो, मग चढतो.”

मग एसटीडीचं बिल त्यांच्याकडे पडतंय म्हणून फोन मीच ठेवते.