आत्याची वाक्यं मी खोडली

मित्रांनो, अजून उमरीच्या बसस्टँडवरच बसलोय. दोन बस सोडल्या. घरी जावंसं वाटत नाही.

कंधारजवळच्या आमच्या गावाचा इतिहास मी लिहिला, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातलं बहात्तरच्या दुष्काळाचं प्रकरण सगळं माझ्या आत्याने सांगितलेलं. ती म्हणाली होती, "त्या साली भूक घरात सासूवानी राहिली. आधी तिचं ताट, मग उरलं तर आपलं." ऐकताना मला हसू आलं होतं आणि अंगावर काटाही. पानोपानी अशी वाक्यं होती.

पुस्तक तपासणारे सर म्हणाले, "इतिहासात असले अलंकार चालत नाहीत." मी निमूटपणे सगळी काढली. भुकेच्या त्या वाक्याच्या जागी लिहिलं, 'परिसरात तीव्र अन्नटंचाई होती.'

आज छापलेलं पुस्तक घेऊन इथं उमरीला आत्याकडे आलो. ते प्रकरण तिला वाचून दाखवलं. शेवटी ती म्हणाली, "चांगलं हाय. पण हे कोन्या गावचं हाय रे?"

मी म्हटलं, "आत्या, परत सांग ना. मी लिहून घेतो."

ती बराच वेळ आठवत राहिली. "न्हाई रे लेकरा. तवा तू इचारलास अन् आलं तोंडात. आता न्हाई येत."

जुनी फाईल मी तेव्हाच पुसून टाकली होती. मला ते एकच वाक्य आठवतंय. पहिला मसुदा तुमच्यापैकी काही जणांना मोबाईलवर पाठवला होता. हात जोडतो, शोधून बघा. कुणाकडे एखादं पान तरी उरलंय का?