गव्यावानी खांदा

तुपात कालवलेल्या हळदीचा वास आला की मला सणसरचा गोठा आठवतो. नव्वदच्या दशकात लग्न होऊन मी तिथं आले, त्या वर्षीच्या बेंदराची ती आदली संध्याकाळ होती. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे त्या दिवशी तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. माझं माहेर राधानगरीच्या जंगलालगतचं, म्हणून खांदा मळता मळता सासऱ्यांनी विचारलं, "गवा थोरला का रानरेडा?" रानरेडा मी चित्रातच पाहिलेला, तरी ऐटीत सांगितलं, "रानरेडा बुटका पण रुंद, शिंगं वावभर, दोन्ही हात पसरल्यावानी. गवा उंच, आन् ताकद सगळी खांद्यावर. मानेपासनं अर्ध्या पाठीपर्यंत नुसता मांसाचा बांध." बोलता बोलता बैलाच्या मानेवर माझ्या बोटांना टणक फुगवटा लागला. "आबा, आपल्या बैलालाबी हाय की गव्यावानी," मी कौतुकानं म्हणाले. सासऱ्यांचा हात थांबला. "गव्याला देवानं दिलाय, पोरी. ह्याला मी दिलाय. कारखान्याचा ऊस वढून वढून सुजलाय त्यो." बैल आपला रवंथ करत उभा होता. आवतण द्यायची वेळ झाली तेव्हा सासरे मागं सरले. "तूच दे. माझ्या तोंडातनं न्हाय निघायचं." मग मीच बैलाच्या कानाशी म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आता त्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो. काल नातवाच्या सुजलेल्या गुडघ्याला तूप-हळद लावताना माझी बोटं आपोआप थांबली. बैलाच्या सुजेचं मी कौतुक केलं होतं.