उपस्थित अकरा

नागपूरच्या एका दैनिकात तीस वर्षं इतरांच्या बातम्यांवर हात फिरवून मी निवृत्त झालो आणि मुलीकडे राहायला आलो. ती पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात डॉक्टर आहे. इथे पूर्वी पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या. त्या खणायला वेल्समधून माणसं आली. त्यांनी एक सभागृह बांधलं, मंडळ काढलं. खाणी बंद पडल्या. मंडळ चालू राहिलं.

मंडळाच्या सचिव आमच्या शेजारच्या बाई. वय ब्याऐंशी. जानेवारीत त्यांनी मला विचारलं, "तुम्ही पेपरवाले ना? आमच्या वर्षाचा वृत्तांत लिहाल? आमच्यातलं कोणी लिहायला बसलं की त्याचा मृत्युलेख होतो."

मी हो म्हणालो.

फेब्रुवारीत वेल्सचा रग्बीचा सामना होता. तिथली दुपार म्हणजे इथली सकाळ, म्हणून सभागृहात पडद्यावर सामना आणि सोबत नाश्ता. चौदा माणसं आली. वेल्स हरलं. मी तशी नोंद केली. एक मार्चला त्यांच्या संताचा दिवस. प्रत्येकाने कोटाला लीक टाचलं होतं. पातीच्या कांद्याचा थोराड भाऊ म्हणावा अशी ती भाजी. जेवणात तिचंच सूप होतं.

त्या दिवशी बाईंनी माझ्यापुढे सदस्यत्वाचा फॉर्म ठेवला. वंशाची अट नव्हती. मी फॉर्म घडी करून वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवला. ज्या संस्थेची बातमी लिहायची, तिची पावती फाडायची नाही, हे मी पहिल्या नोकरीत शिकलो होतो.

परत येताना गाडीत मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ फॉर्म. साइन करून टाका ना."

"वृत्तांत झाला की करतो."

"तुमचा पेपर बंद होऊनही सहा वर्षं झाली, बाबा."

जुलैत सामूहिक गायन झालं. यात गाणारे आणि ऐकणारे असे दोन गट नसतात. जो येतो तो गातो. बसायचं आवाजाप्रमाणे. बायकांचे उंच आणि खालचे सूर वेगळ्या बाकांवर, पुरुषांचे तसेच. नवराबायको दारातच वेगळे होतात. शब्द वेल्श. ते समजणारं तिथे कोणी नव्हतं. सगळे उच्चार पाठ. आमच्या मुलांच्या आरत्यांसारखंच. पुरुषांच्या खालच्या सुरांच्या तीन बाकांवर दोन माणसं होती. बाईंनी मला तिथे बसवलं.

"मला गाता येत नाही."

"त्या दोघांनाही येत नाही. तुम्ही बसा."

मी बसलो. ओठ हलवले.

ऑक्टोबरात वार्षिक सभा होती. घटनेतला एक नियम बाईंनी मला आधीच दाखवला होता. सभेला बारा सदस्य प्रत्यक्ष हजर नसतील तर मंडळ विसर्जित समजावं आणि सभागृह गावाच्या नगरपालिकेकडे जावं. चार जणांनी संगनमत करून इमारत विकू नये म्हणून खाणकामगारांनी तो घातला होता. नव्या सदस्याचा फॉर्म सभेच्या महिनाभर आधीचा हवा, हाही नियम त्यांचाच. नगरपालिकेला ती जागा पार्किंगसाठी हवी होती. बाईंचं लग्न त्या सभागृहात झालं होतं, यजमानांच्या अंत्यविधीनंतरचं जेवणही तिथेच.

गावात तेरा सदस्य उरले होते, म्हणून सप्टेंबरात कोणाला काळजी नव्हती. सभेच्या आठवड्यात एकाला त्याच्या मुलाने दूरच्या कॅरी गावी, आपल्याकडे कायमचं राहायला नेलं. सभेच्या आदल्या दिवशी एक आजी पायरीवर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं.

अकरा जण आले. अर्धा तास वाट पाहिली.

"तिला फोनवर घेऊ," खालच्या सुरांच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले.

"प्रत्यक्ष, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"लिहिलं तेव्हा फोन होता कुठे?"

"तेव्हा माणसं होती."

मग गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हा बसलाय की. आमच्याच बाकावरचा आहे."

मी वहीच्या कप्प्यातून फॉर्म काढला. तो कोरा होता. गृहस्थ माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "मार्चची तारीख घाला. दिला मार्चमध्येच होता ना?"

दिला मार्चमध्येच होता. माझ्या हातात पेन होतं. अकरा माणसं माझ्याकडे पाहत होती, त्यांतल्या बाई सगळ्यात कमी. मी फॉर्मवर नाव लिहिलं, सही केली आणि तारखेच्या चौकटीपाशी थांबलो.

बाईंनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला. "नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही घालणार नाही हे माहीत होतं, म्हणून तर लिहायला तुम्हाला सांगितलं."

त्यांनी सभा तहकूब केली नाही. तशी तरतूदच नव्हती. गृहस्थांनी खिडक्या लावल्या. कोणीतरी चहा केला.

दुसऱ्या दिवशी मी वृत्तांत पूर्ण केला आणि बाईंना नेऊन दिला. शेवटची ओळ होती: उपस्थित सदस्य अकरा, पाहुणे एक. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. दुरुस्ती एकही नव्हती.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि मला बसायला सांगितलं.