सीनेच्या काठानं, आईच्या रानापर्यंत

शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातून सायकल बाहेर काढली तेव्हा समोरच्या काकू सडा टाकत होत्या. "अगं बाई, या वयात कुठं निघालीस?" त्यांनी विचारलं. "माहेरी," म्हटलं आणि टांग मारली.

माहेर म्हणजे आता घर नाही आणि माणूसही नाही. सीना नदीच्या काठचं एक रान, तेही धाकट्या भावानं विकून टाकलेलं. आमच्यात दहन करत नाहीत, माणसाला पुरतात, आणि स्वतःचं रान असेल तर तिथंच. आई तिथं आहे. तिच्यावर दगडी कट्टा बांधला होता, वर महादेवाची छोटी पिंड, समोर नंदी, आणि कडेला नावाची पाटी. आमच्याकडं बहिणी साडीचोळी घेऊन हक्कसोड करून देतात, तशी मीही दिली. अट एकच घातली, आईचा कट्टा असलेला तुकडा विकायचा नाही. भाऊ तेव्हा देवाची शपथ घेऊन हो म्हणाला होता. मग सगळं रान गेल्याचं तिसऱ्याच माणसाकडून कळलं. फोन केला तर म्हणतो, "कट्टा आहे तसाच आहे गं, तू उगाच जिवाला लावून घेतेस." तो तसाच आहे का, एवढंच मला बघायचं होतं.

तुम्ही म्हणाल, मग सायकल कशाला? रानाजवळ मंद्रूपपर्यंत एसटी जाते की. जाते. पण नदीकाठच्या वाटेनं एसटी जात नाही, आणि खरं सांगायचं तर मला लवकर पोचायचंच नव्हतं. बघायचं होतं आणि भीतीही वाटत होती.

विजापूर रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर कानठळ्या बसवणारी गाणी लावून शेजारून जात होते. थंडी होती, नाक गळत होतं. वडकबाळच्या पुलापाशी कपभर चहा घेतला, पूल ओलांडला आणि डावीकडं काठाच्या वाटेला लागले.

ही वाट म्हणजे गाडीची चाकोरी आणि मधोमध गवत. डावीकडं सीना, उजवीकडं ऊस, मधेच ज्वारी. बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी हिरवट आणि गप्प. काठावर मोटारी बसवलेल्या आणि त्यांचे काळे पाइप वाटेवर आडवे पडलेले. प्रत्येक पाइपला उतरायचं, सायकल उचलायची, पुन्हा चढायचं. निवांत सहल म्हणतात ती हीच असावी! तरी मधेच एक खंड्या पाण्यावरून निळा निळा उडत गेला, तेव्हा नाही म्हटलं तरी बरं वाटलं.

मोटार चालू करायला आलेल्या एका गड्यानं मला थांबवलं.

"बाई, कुटं चाललाव?"

"खालच्या अंगाला."

"सायकलवर? घरात गाडी न्हाय व्हय?"

"आहे की."

"मग बिघडली असंल."

"नाही हो, हौस आहे."

"हौस!" तो म्हणाला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला स्वतःचीच कीव आली. "मोरं येड्या बाभळीचं काटं लई हायत बरं का. चाक संभाळा."

त्यानं सांगितलं आणि पुढच्याच वळणावर काटा गेला. चाक बसलं. पंक्चरचं सामान घरी कपाटात, आणि मी हितं! मग काय, सायकल ढकलत निघाले.

बांधावरची आमची चिंच दिसली. चिंचेखाली कट्टा होता. चुना लावलेला, स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, भाऊ इतकाही वाईट नाही. सायकल चिंचेला टेकवली आणि जवळ गेले.

पिंड नव्हती. पाटी होती तिथं उखडलेल्या सिमेंटचा चौकोन, त्यावरूनही चुना मारलेला. नंदी तेवढा जागेवर होता, समोर कुणी नसताना बसलेला. मी त्या चौकोनावरून बोट फिरवलं.

"यार री?" (कोण हो?) उसातून एक बाई आली. चाळिशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. रान आता त्यांचं. भीमेपलीकडची माणसं, घरात कन्नड बोलणारी. मी विकणाऱ्याची थोरली बहीण, असं सांगितलं तर तिचं तोंड उजळलं.

"अय्य, मग हितली लेकच की तुमी! बसा, बसा अक्का. तुमच्या बैलाला भेटाय आलाव व्हय?"

"कुठल्या बैलाला?"

"ह्यो की." तिनं कट्ट्याकडं हात केला. "तुमच्या भाऊनं सांगितलं सगळं. आईचा लई लाडका बैल व्हता, तिनंच समाधी बांदून घेतली म्हणून."

मी विचारलं, "आणि माणसाची असती तर?"

"अय्यो, नको री! मालकांनी पयलेच इचारलं व्हतं, माणूस-बिणूस पुरलंय काय म्हणून. आमच्यात जाळत्यात. दुसऱ्याचं माणूस आपल्या रानात, सासूबाईला कसं चालंल? उकरून काढाय लावलं असतं की."

ती बाई वाईट नव्हती, हेच तर वाईट होतं. चुना तिनंच लावला होता. दर सोमवारी पाणी घालते म्हणाली. कारहुणवीला (आपला बेंदूर) नंदीच्या शिंगांना हुरमुंज, म्हणजे लाल रंग लावते, पुढं पुरणाची पोळी ठेवते. मला तिनं आग्रहानं जेवायला घातलं, ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.

"बैल कसा व्हता हो? मारका का गरीब?" तिनं सहज विचारलं.

खरं ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर भावाची चांगली जिरली असती, आणि आईवर कुदळ पडली असती.

"गरीब होता," मी म्हटलं. "शेवटपर्यंत राबला."

"दिसतंय की, न्हायतर समाधी कोण बांदतंय?" तिनं भाकरीचा तुकडा मोडून नंदीपुढं ठेवला. "तुमी बी ठेवा." मी ठेवला, डोकं टेकलं आणि मग मला आवरेना. ती माझ्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "बैलाला एवढं रडताव, मन लई मोठं हो तुमचं."

मंद्रूपपर्यंत सायकल ढकलतच आले. बाजाराचा दिवस, मेथी-मिरच्यांचे ढीग, कालवा नुसता. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता तोवर भावाला फोन लावला. तो आता कुंभारीला नवीन घरात असतो.

"गेली होतीस? मग? काही विचारलं का त्यांनी?" त्याचा पहिला प्रश्न हा.

"बैल कसा होता म्हणून विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"पिंड कुठाय?" मी विचारलं.

"नदीत सोडली. पण विधीनं सोडली हां, अशीच टाकली नाही. तू काय सांगितलंस ते बोल ना."

"गरीब होता म्हटलं."

त्यानं सोडलेला सुस्कारा मला बाजाराच्या गोंगाटातही ऐकू आला. "बरं केलंस अक्का," तो म्हणाला. मेल्याला लाज वाटली नाही! मी फोन बंद केला.

अंधार पडता पडता पेठेत आले. मांड्या भरून आल्या होत्या. काठाची वाट कशी आहे म्हणून कुणी विचारलं तर सांगेन, छान आहे, जाऊन या, पंक्चरचं सामान तेवढं बरोबर ठेवा. माझ्यापुरतं म्हणाल तर आईच्या तिथीला आता मला तिथं जाता येणार नाही. गेले तर ती बाई विचारणार, आजच का? बैलाच्या सणाला पाहुणी गेली तर कुणी काही विचारत नाही. म्हणून कारहुणवीला जाईन. पोळी घरूनच करून नेईन. बैलाला कसलीही चालते, पण आईला काठ खरपूस लागायचे.